मुलींचा फुटबॉल आणि आपण प्रेक्षक

(चांदूर बाजार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शिक्षक होते. शिक्षकाच्या स्मृतीला वाहायचं व्याख्यान शाळेतल्या लेकरांविषयी असावं असं मला वाटलं. आणि लेकरांविषयी बोलताना ज्यांचा उल्लेख नेहमी शेवटी, वेळ उरला तर होतो, त्या मुलींविषयी असावं असंही वाटलं. म्हणून आजचा विषय आहे महिलांचा फुटबॉल, त्याला होऊ लागलेली गर्दी आणि त्या गर्दीमागे बदलत चाललेली समाजाची नजर.

विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल की आपल्याकडे कबड्डी आहे, खो-खो आहे, कुस्ती आहे. फुटबॉल हा नागपूर-कामठीकडचा, नाहीतर कोल्हापूरचा खेळ. त्यातही पोरींचा फुटबॉल आपल्याला काय करायचा? प्रश्न रास्त आहे. मी अनेक वर्षं शाळेत खेळ शिकवला आहे, आणि हा प्रश्न मला मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. त्याच्या जोडीला एक सल्लाही मिळायचा: "बाई, आधी पोरींचा खेळ पाहण्याजोगा होऊ द्या, मग लोक आपोआप येतील."

हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण या खेळाचा इतिहास पाहिला तर घडलं आहे ते उलट. लोक आधी आले होते. त्यांना येऊ दिलं नाही, म्हणून खेळ खुंटला. आणि जिथे लोक परत आले, तिथेच खेळ पुन्हा उभा राहिला. आज मला एवढंच सांगायचं आहे, आणि ते पुराव्यानिशी सांगायचं आहे.

गर्दी होती, ती मोडली

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले तरुण आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बाया कामाला लागल्या. प्रेस्टन गावातल्या 'डिक, कर' नावाच्या कारखान्यातल्या कामगार बायांनी जेवणाच्या सुटीत फुटबॉल खेळायला सुरुवात केली. त्यांचा संघ झाला. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्या सामने खेळू लागल्या, आणि लोक तिकीट काढून पाहायला येऊ लागले. २६ डिसेंबर १९२० या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सेंट हेलन्सच्या महिला संघाशी सामना झाला. आत ५३,००० प्रेक्षक होते आणि जागा नाही म्हणून हजारो लोक दाराशीच थांबले होते. मंडळी, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा टीव्ही नव्हता, रेडिओसुद्धा नुकताच कुठे डोळे उघडत होता.

मग काय झालं? वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि संघटनेशी जोडलेल्या कोणत्याही क्लबनं आपलं मैदान बायांना देऊ नये. ठरावानं बायांना खेळायला बंदी घातली नाही, त्यांची मैदानं काढून घेतली. मैदान गेलं की प्रेक्षक जातो, प्रेक्षक गेला की पैसा जातो, आणि पैसा गेला की पुढच्या पिढीतली पोरगी घरीच बसते. मैदानांवरची ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलसारख्या फुटबॉलवेड्या देशातही १९४१ मध्ये बायांना मैदानाबाहेर ठेवणारा सरकारी हुकूम निघाला आणि तो १९७९ पर्यंत चालला. पश्चिम जर्मनीच्या संघटनेनं १९५५ ते १९७० बायांना दारं बंद ठेवली.

आणि तरीही भूक मेली नव्हती. १९७१ मध्ये मेक्सिकोत महिलांची एक जागतिक स्पर्धा भरली. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेनं तिला मान्यता दिली नव्हती. तिच्या अंतिम सामन्याला ॲझ्टेका मैदानावर लाखाच्या वर माणसं जमली. डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० असं हरवलं, आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन या अवघ्या १५ वर्षांच्या मुलीनं केले. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडूनही फिफाला महिलांचा पहिला विश्वचषक भरवायला १९९१ साल उजाडावं लागलं.

तुम्ही संत्र्याचे बागायतदार आहात. बहार धरायला बागेला ताण द्यावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ताण मोजून द्यायचा असतो. वेळेवर पाणी सोडलं नाही तर झाडच वाळतं. या खेळाला पन्नास वर्षं ताण दिला आणि वर विचारलं, फळ का धरत नाही?

पाणी सोडल्यावर

आता पाणी सोडल्यावर काय झालं ते पाहा. २०२२ च्या मार्चमध्ये बार्सिलोनाच्या महिला संघाचा रियल माद्रिदशी सामना होता. नेहमीच्या छोट्या मैदानाऐवजी तो कॅम्प नोऊ या मोठ्या मैदानावर ठेवला, आणि ९१,५५३ लोक आले. पुढच्याच महिन्यात वोल्फ्सबर्गविरुद्ध त्याच मैदानावर ९१,६४८ आले. त्याच वर्षी ३१ जुलैला लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला २-१ असं हरवून युरोपचं अजिंक्यपद घेतलं, आणि तो सामना ८७,१९२ लोकांनी पाहिला. तोपर्यंत पुरुषांच्या युरो स्पर्धेतल्या कोणत्याही सामन्याला एवढी गर्दी झाली नव्हती. ज्या देशाच्या संघटनेनं १९२१ चा ठराव केला, त्याच देशात हे घडलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला विश्वचषक झाला, तो मैदानात जाऊन पाहणाऱ्यांची एकूण संख्या वीस लाखांच्या घरात गेली.

हे आपोआप झालं नाही. क्लबांनी मोठी मैदानं उघडली. तिकीट घरातल्या पाच जणांना परवडेल असं ठेवलं. सामने लोकांना जमेल अशा वेळी घेतले आणि टीव्हीवर दाखवले. खेळाडूंना पगार सुरू झाले, त्यामुळे दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी सराव करण्याची पाळी संपली, आणि खेळाचा दर्जा वर आला. लोक आले म्हणून पैसा आला, आणि पैसा आला म्हणून खेळ सुधारला. क्रम लक्षात घ्या.

आपल्या देशाची गोष्ट

भारतात १९७५ मध्ये महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना निघाली आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाचच वर्षांत, १९८० च्या सुरुवातीला, कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा उपविजेता. त्या वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. आज या सभागृहातल्या किती जणांनी त्यांचं नाव याआधी ऐकलं होतं? यात तुमचा दोष नाही. त्या मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करून खेळत राहिल्या आणि देशानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवी कोवळ्या वयात भारतासाठी खेळू लागल्या आणि दोन दशकं खेळल्या. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०२० मध्ये.

महिलांची देशव्यापी लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. पुढे आपल्या राज्यातून कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे हे संघ तिच्यात खेळले. जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माई शहरात भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ असं हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. पात्रता फेरी खेळून ही जागा मिळवण्याची भारताची ही पहिलीच वेळ. हरलेला थायलंड २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला संघ होता. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर हिनं केले. त्याच वर्षी २० वर्षांखालील आणि १७ वर्षांखालील मुलींचे संघही आपापल्या आशियाई स्पर्धांना पात्र ठरले. एका वर्षात तिन्ही वयोगट. पुरुषांच्या फुटबॉलकडे पाहून आपण सुस्कारे सोडतो आहोत, आणि मुली दार ठोठावून आत शिरल्या आहेत.

आपल्या महाराष्ट्रानंही यजमानपण केलं आहे. २०२२ च्या सुरुवातीला महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला, आणि स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं. या मैदानाचं नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे. कारण २ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्री गावोगाव फटाके फुटले. पान-टपरीवर उभी असलेली पोरं सांगलीच्या स्मृती मानधनाच्या फटक्यांची चर्चा करत होती, आणि त्या चर्चेत "बायांचं क्रिकेट" असा शब्द कोणी वापरत नव्हतं. नुसतं "आपण जिंकलो" असं म्हणत होते. नजर बदलते ती अशी. क्रिकेटमध्ये ती बदलली, मग फुटबॉलमध्ये न बदलायला काय झालं?

विदर्भात आणि महाराष्ट्रात

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांना २००१ मध्ये भर पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना दिसली. त्यांनी त्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कार मिळाला. याच गोष्टीवरचा नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. त्यात रिंकू राजगुरूनं केलेली मुलगी आठवा. तिच्या पायात खेळ आहे, पण पासपोर्टसाठी लागणारे कागद नाहीत, आणि तिचा बाप त्या कागदांसाठी वणवण फिरतो. खेड्यातल्या मुलीचा खेळ पुष्कळदा चेंडूपाशी अडत नाही. तो दाखल्यापाशी अडतो, एसटीच्या वेळेपाशी अडतो.

ठाण्याजवळच्या मुंब्र्यात 'परचम' संस्थेच्या पुढाकारानं मुस्लिम घरांतल्या मुली फुटबॉल खेळू लागल्या. मुलींना खेळायला हक्काचं मैदान हवं म्हणून त्यांनी सह्या गोळा केल्या, लोकप्रतिनिधींच्या दारी गेल्या. ज्या घरांतून विरोध होता त्याच घरांतल्या आया पुढे मुलींबरोबर मैदानावर आल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निघालेल्या अंजू तुरंबेकर अखिल भारतीय फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या प्रशिक्षणाच्या प्रमुख झाल्या.

आणि आपलं वऱ्हाड खेळाच्या बाबतीत मागासलेलं आहे असं कोणी म्हणू नये. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. वैद्य बंधूंनी उभ्या केलेल्या या मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डी दाखवून आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बाया बैलजोडी हाकतात आणि त्यांना पाहायला माणसांची रीघ लागते. बाई कासरा धरून उभी राहिली की ज्यांचा श्वास रोखला जातो, त्यांना तिच्या लेकीनं चेंडूमागे धावलेलं पाहवणार नाही, हे मला पटत नाही.

एक सामना जवळून

तालुक्याच्या शालेय स्पर्धेतला एक सामना मी तुम्हाला सांगते. पावसाळ्याचे दिवस. काळी माती. ज्यांनी काळ्या मातीवर फुटबॉल खेळला आहे त्यांना ठाऊक आहे की दहा मिनिटांत एकेका बुटाला पावशेर चिखल चिकटतो आणि चेंडू जागच्या जागी थबकतो. अर्ध्या मुलींकडे फुटबॉलचे बूटच नव्हते, त्या कॅनव्हासच्या शाळेच्या बुटांवर होत्या. गोलपोस्ट म्हणजे बांबू आणि सुतळी. निम्म्या जणींनी चड्डीखाली काळी लेगिंग घातली होती, म्हणजे घरच्यांचंही राहिलं आणि खेळही झाला.

मैदानाच्या कडेला सुरुवातीला चार शिक्षक आणि काही टवाळ पोरं, एवढेच. मग आठवडी बाजारातून परतणाऱ्या दोन बाया पिशव्या खाली ठेवून निंबाखाली थांबल्या. गोलरक्षक मुलीनं अंगावर आलेला चेंडू चिखलात झेप टाकून पोटाशी धरला, तेव्हा त्यातली एक ओरडली, "माय वं! माही पोट्टी हाये ते!" ती आई लेकीला खेळताना पहिल्यांदा पाहत होती. टवाळ पोरं गप्प झाली. त्यांतल्याच एकानं चेंडू बाहेर गेल्यावर धावत जाऊन आणून दिला. नंतर ती मुलगी मला म्हणाली, "मॅडम, माय पायत होती त भेवच नाई वाटलं." आई पाहत होती म्हणून तिला भीती वाटली नाही. तिच्या हातांत आधीपासून असलेलं बळ त्या दिवशी बाहेर आलं.

आक्षेपांना उत्तर

पालकांचे आक्षेप मी टाळणार नाही. पोरगी उन्हात काळी पडेल, हात-पाय मोडला तर लग्न कसं होईल, असं लोक म्हणतात. ज्या घरात पोरगी सुटीच्या दिवशी कपाशी वेचते, उन्हात हरभरा सोंगते, तिथे तिच्या रंगाची काळजी फक्त खेळाच्या वेळी का आठवते? पाळीच्या दिवसांचं काय, असं आया दबक्या आवाजात विचारतात. त्याचं उत्तर मैदानाजवळ पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हे आहे. मुलगी खेळ सोडते तेव्हा त्यामागे पुष्कळदा असंच एखादं न बांधलेलं स्वच्छतागृह असतं.

सुरक्षिततेची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्याकडे मी कानाडोळा करणार नाही. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परदेश दौऱ्यातून परत बोलावून काढून टाकावं लागलं. म्हणून संघाबरोबर बाई शिक्षिका हवीच, मुली एकट्या प्रवास करणार नाहीत हे हवंच, आणि तक्रार कुणाकडे करायची हे प्रत्येक मुलीला माहीत हवं. यावरचा मोठा उपाय पुन्हा प्रेक्षकच आहे. ज्या मैदानाच्या कडेला आई-बाप, आजी, गावातली जाणती माणसं बसलेली असतात, तिथे कोणाची वाकडी नजर टाकायची हिंमत होत नाही. भीती आहे म्हणून मुलीला घरी ठेवणं सोपं आहे. भीती आहे म्हणून आपण मैदानावर जाणं, हे जास्त शहाणपणाचं आहे.

"यातून मिळणार काय?" हा शेवटचा प्रश्न. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीला धावणाऱ्या मुली आपण सकाळी रस्त्यावर पाहतोच, त्यांना हा खेळ दम देतो. पण समजा यातलं काहीच मिळालं नाही, तरी अकरा जणींत मिळून खेळायला, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला यायला आणि मोठ्यानं हाक मारायला शिकलेली मुलगी सासरी, शेतात, ग्रामपंचायतीत आपलं म्हणणं मांडू शकते. मला एवढंही पुरेसं आहे.

गाव काय करू शकतं

हरियाणात भिवानी जिल्ह्यात अलखपुरा नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे. तिथल्या शाळेतले शिक्षक मुलांना कबड्डी शिकवत. मुलींनी हट्ट धरला की आम्हालाही काहीतरी खेळू द्या. सरांनी त्यांना एक फुटबॉल दिला. आज त्या गावात घरटी फुटबॉल खेळणारी मुलगी सापडते. त्यांच्या शाळेनं शालेय फुटबॉलचा सुब्रतो चषक जिंकला, गावाच्या नावाचा संघ देशाच्या पहिल्या महिला लीगमध्ये खेळला, आणि इथलीच संजू यादव भारताकडून खेळून २०१९-२० ची देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. त्या गावाकडे आपल्यापेक्षा जास्त काय होतं? एक चेंडू, एक मैदान, आणि पोरींना अडवायचं नाही असं ठरवलेलं गाव.

म्हणून माझी मागणी लहान आहे. तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलनं मुलींचा एक संघ उतरवावा. चेंडू एकच लागतो आणि त्यावर बावीस जणी खेळतात, इतका हा खेळ स्वस्त आहे. शाळेचं मैदान संध्याकाळी एक तास फक्त मुलींसाठी ठेवावं आणि त्या वेळी मुलांच्या क्रिकेटनं बाजूला व्हावं. गणेशोत्सवाच्या, जयंतीच्या वर्गणीतून मंडळांनी मुलांच्या स्पर्धेला जेवढं बक्षीस ठेवलं तेवढंच मुलींच्या स्पर्धेला ठेवावं, एक रुपयाही कमी नको. सरपंचांनी नारळ फोडून निघून न जाता शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बसावं. आणि बापांनी यावं. आया येतात, कारण त्यांना लेकीची धाकधूक असते. बाप आला की गावाला कळतं की या खेळाला घराची परवानगी आहे.

१९२० मध्ये दाराशी थांबलेल्या त्या हजारो माणसांना आत जायचं होतं आणि जागा नव्हती. आपल्याकडे जागाच जागा आहे. मुलींचा खेळ चांगला झाला की आम्ही येऊ, असं आता कोणी म्हणू नये. तुम्ही या, म्हणजे तो चांगला होईल. यंदाच्या पावसाळ्यात तालुक्याच्या शालेय स्पर्धा लागतील तेव्हा मुलींच्या सामन्याची तारीख शाळेत जाऊन विचारा, ती घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी शेतातलं काम दोन तास मागं ठेवून मैदानावर या.